ओढ्यावर टाकलेला ढीग

कुमुदनं चौकटीवर बोट टेकवलं आणि ते आत गेलं.

"हे बघा," ती म्हणाली.

वरचा रंगाचा पापुद्रा शाबूत होता. आतलं सागवान मात्र तिच्या नखाबरोबर पिठासारखं बाहेर आलं. चौकटीच्या तळापासून भिंतीवर मातीची एक बारीक नळी चढली होती. मी ती चपलेच्या टोकानं फोडली तशी आतल्या पांढऱ्या किड्यांची पळापळ झाली.

घर बांधून तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. नगरच्या बाहेर मुरमाड माळावर नुकती वसाहत झाली होती, बारा-तेरा घरांची. मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत होतो. त्या चौकटींचं लाकूड मी दोन दिवस वखारीत उभा राहून, रेषा बघून बघून निवडलं होतं. घरी कुणी आलं की आधी त्यांना दारंच दाखवायचो.

मी खिडकीशी गेलो आणि बाहेर बघितलं. तारेच्या कुंपणापलीकडे, आमच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर, सुवार्ताबाईंचा ढीग होता.

सुवार्ताबाई साळवे या आमच्या शेजारी. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे यजमान शांतवन त्याच दवाखान्याच्या आवारात तीस वर्षं माळी होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणावर होते. उजवी बाजू गेली होती आणि बोललेलं फारसं कळायचं नाही. मूलबाळ नव्हतं. माळावर साधी तुळस धरायची नाही, तिथं या बाईंनी बाग करायचं मनावर घेतलं होतं. त्यासाठी युसूफभाईंच्या वखारीतून त्या पोत्या-पोत्यांनी लाकडाच्या ढलप्या आणि भुसा आणायच्या. त्यात शेण, भाजीचा पाला, गवत घालायच्या, पाणी मारायच्या, आणि दर पंधरा दिवसांनी तो पुरुषभर उंचीचा ढीग फावड्यानं इकडचा तिकडे करायच्या. दीड वर्ष हे चाललं होतं. साठीची बाई, पदर खोचून एकटी.

ढिगाच्या पोटात त्यांनी एक लोखंडी सळई खुपसून ठेवलेली असायची. रोज सकाळी सळई उपसायची, टॉवेलात गुंडाळायची आणि लगबगीनं घरात न्यायची. थोड्या वेळानं परत आणून खुपसायची. ती घरात कशाला नेतात, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी कुंपणाशी गेलो.

"बाई, आमच्या चौकटीला वाळवी लागलीय."

"अगं बाई. कुठल्या?"

"तुमच्या बाजूच्या. एवढं लाकूड तुम्ही कुजवत ठेवलंय, दुसरीकडून कुठून येणार?"

त्यांनी फावडं टेकवलं. "या ढिगात वाळवी जगायची नाही, सर. वाळवीला गपगार जागा लागते. हा आतून तापलेला असतो आणि मी त्याला महिन्यातून दोनदा उलटापालटा करते. हात घालून बघा. भाजेल."

"हात घालायची गरज नाही. ढीग हलवा."

"अजून तीन-चार महिने. कच्च्या ढलप्या मातीत घातल्या तर त्या मातीतलंच सत्त्व ओढून घेतात, झाडं पिवळी पडतात. पिकू द्यावं लागतं. हे पण म्हणतात, घाई नको."

"हे म्हणजे साळवे? ते बोलतात?"

माझा सूर त्यांना लागला असावा. त्यांनी फावडं उचललं. "मला कळतं त्यांचं," म्हणाल्या आणि पाठ फिरवून कामाला लागल्या.

मे महिन्यात शांतवनना पाठीला जखम झाली म्हणून बाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं. चार दिवस घराला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी मी एक ट्रॅक्टर आणि दोन माणसं बोलावली. भर दुपारची वेळ होती, वसाहतीत दारं-खिडक्या बंद. कुंपणाची तार खाली दाबून आम्ही आत गेलो. कुमुद दारात उभी होती.

"त्यांना विचारलंत?"

"मार्चमध्येच सांगितलंय."

"सांगितलंत. विचारलं नाहीत."

मी ऐकलं नाही. ढीग फोडला तेव्हा आतून गरम वाफ आली. त्या माणसांतला एकजण म्हणाला, "साहेब, हे तर खत झालंय बघा." मी म्हणालो, "चल, उरक." दोन खेपांत सगळं माळाच्या टोकाला, ओढ्याच्या कडेला नेऊन टाकलं. संध्याकाळी जमीन झाडून मी चहा प्यालो आणि मला फार हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

चौथ्या दिवशी बाई आल्या. रिक्षातून शांतवनना दोघांनी धरून आत नेलं. थोड्या वेळानं बाई मागं आल्या आणि त्या मोकळ्या जागेवर उभ्या राहिल्या. सळई तिथंच जमिनीवर पडली होती. मी खिडकीतून बघत होतो. त्या आमच्या दाराशी आल्या.

"सर, माझा ढीग कुणी नेला?"

ढीग मीच हलवला, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. वाक्यं जुळवून ठेवली होती, तावातावानं बोलायची. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून भलतंच आलं.

"आम्ही नव्हतो, बाई. श्रीगोंद्याला गेलो होतो, मेव्हण्याकडे."

माझ्या मागं कुमुद उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ती आत निघून गेली.

बाई विचार करत म्हणाल्या, "मग युसूफभाईच. गेल्याच आठवड्यात म्हणत होते, भुशाला वीटभट्टीवाले मागं लागलेत म्हणून. आणि दवाखान्यात चाललेय चार दिवस, हे मीच त्यांना सांगितलं होतं."

मी गप्प राहिलो. खोटं बोलायला मला एक वाक्य पुरलं, पण ते गप्प राहणं मात्र पुढे पाच महिने चाललं.

त्या दुपारीच त्या वखारीत गेल्या. युसूफभाई हा साधा माणूस. दीड वर्ष या बाईला भुसा देत होता, वर स्वतःचा टेम्पो पाठवत होता. कारण त्याची आई शेवटच्या दुखण्यात सुवार्ताबाईंच्या वॉर्डात होती. गिऱ्हाइकांसमोर बाई त्याला चोर म्हणाल्या. मला हे शाळेतल्या शिपायानं सांगितलं, तो तिथं फळी कापून घ्यायला गेला होता. "युसूफभाई एक शब्द बोलला नाही हो सर," तो म्हणाला. "टोपी काढून नुसता बसला खाली."

नंतर बाईंनी ढीग पुन्हा केला नाही. पावसाळ्यात त्या जागेवर पाणी साचायचं. कुमुद अधूनमधून त्यांच्याकडे डबा घेऊन जायची. परत आली की मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, कुणालाच नाही असं बोलायची.

"साळवे जेवत नाहीत म्हणे. दोन घास, की तोंड मिटतात."

दुसऱ्या वेळी म्हणाली, "खिडकीकडे तोंड करून निजायचे. आता भिंतीकडे करून निजतात."

सप्टेंबरमध्ये आतल्या खोलीची चौकट पोखरलेली निघाली. सुवार्ताबाईंच्या बाजूची नव्हे, नेमकी विरुद्ध बाजूची. मी वाळवीचं औषध मारणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्यानं भिंतीशी कान लावला, इकडंतिकडं ठोकलं आणि खोलीच्या कोपऱ्यातली फरशी उचलायला लावली. हातभर खणल्यावर मुरमात फळ्यांचे तुकडे लागले. स्लॅब भरताना लावतात तसल्या जुन्या फळ्या, आरपार पोखरलेल्या, वाळवीनं नुसत्या वळवळणाऱ्या.

"हे घराखाली कुणी घातलं?" त्यानं विचारलं.

मला आठवलं. बांधकाम चालू असताना गवंडी विचारायला आला होता, साहेब, तुटक्या फळ्या पडल्यात, उचलायला गाडी लागेल. मी म्हणालो होतो, भरावातच टाक, दिसतंय कुणाला.

"शेजारी लाकडाचा ढीग होता आधी," मी उगाच म्हणून बघितलं. "दीड वर्ष. त्याच्यामुळे नाही ना?"

"उघड्यावर होता? हलवत होते?"

"हो."

"मग त्यात कशाला जाईल ती? तुम्ही इथं तिला छपराखाली जेवण वाढून ठेवलंय."

तो माणूस गेल्यावर कुमुदनं उकरलेल्या खड्ड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता?"

"बघू."

"काय बघू?"

बघू बघू म्हणत मी तीन आठवडे घालवले. शाळेत प्रदर्शन होतं, मग परीक्षा. ऑक्टोबरच्या एका रविवारी सकाळी कुमुद चपला घालून दाराशी उभी राहिली. "मी जाऊन सांगते," ती म्हणाली. "तुम्ही घरात बसा. मला त्या बाईच्या हातात डबा देताना वर बघवत नाही."

मी उठलो. कुमुद माझ्यामागून आली.

सुवार्ताबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी बसलो नाही. एका दमात सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, श्रीगोंद्याचं खोटं, फरशीखालच्या फळ्या, सगळं. बोलताना मी त्यांच्या ताटाकडे बघत होतो. त्यांची बोटं थांबली ती मला दिसली.

 त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"मी त्या माणसाला चोर म्हणाले," त्या म्हणाल्या. "चारचौघांत. त्याच्या आईचे डोळे मी माझ्या हातानं मिटले होते."

"बाई, माझं चुकलं. मी..."

"मला नका सांगू. माझ्याकडे माफी मागून तुम्ही मोकळे व्हाल, मी कशी होऊ?" त्या उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. "चला वखारीत. आत्ता. मी पण येते. कुमुदताई, यांच्यापाशी बसाल का तेवढं?"

वखार रविवारी चालू असायची. पाच-सहा गिऱ्हाइकं होती, करवतीचा आवाज चालू होता. बाईंना बघताच युसूफभाईनं मान खाली घातली. बाईंनीच हात करून यंत्र थांबवायला लावलं. अचानक शांत झालं.

"बोला," त्या मला म्हणाल्या.

गिऱ्हाइकांत माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील होते. मी त्यांच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं, कारण आता मला प्रत्येक वाक्यानंतर पुढचं वाक्य माहीत होतं.

माझं झाल्यावर बाई पुढे झाल्या आणि युसूफभाईसमोर हात जोडले. "मी पण खात्री न करता बोलले. त्याची माफी माझी मला मागायचीय."

युसूफभाई गडबडून उठला. "असं नका ना करू, बाई." मग माझ्याकडे वळला. रागावेल असं वाटलं होतं. त्यानं विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं ना, मला बोलल्या ते?"

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

त्यानं मान डोलवली आणि यंत्र सुरू करायची खूण केली. मला पुढे काही म्हणाला नाही. त्यानंतर किती वर्षं तो मला वाटेत भेटत राहिला. सलाम करायचा, पण थांबायचा नाही कधी.

परत येताना बाई पुढे चालत होत्या. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "आत या. अजून एक जण राहिलाय."

शांतवनच्या खोलीत मी तोपर्यंत कधीही गेलो नव्हतो. खाट खिडकीला लावलेली होती. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. उशाशी कुमुद बसली होती. बाईंनी त्यांना वळवलं, पाठीशी उशी दिली. एवढासा झालेला माणूस, पण डोळे लखलखीत.

"ढीग यांनी टाकला," बाई म्हणाल्या. "आपल्या सरांनी."

त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. बाई माझ्याशी बोलू लागल्या, पण बघत त्यांच्याकडेच होत्या.

"मी ढिगातनं सळई काढून आणायचे ती यांच्यासाठी. हे ती डाव्या हातात धरायचे आणि मला सांगायचे. जास्त तापलाय, पाणी मार. आज नाही, उद्या उलट. शेण कमी पडलंय, आणखी घाल. झटका आल्यापासून दोन-अडीच वर्षं या माणसाला सगळे नुसतं विचारायचे, पाणी हवं का, लघवीला झालीय का. काम एवढं एकच होतं त्यांना. ढलपी मी उचलली असेल, सर. ढीग त्यांचा होता."

 तेवढ्यात शांतवनच बोलले. शब्द जड, लाळेत भिजलेले. मला पहिल्यांदा कळले नाहीत. त्यांनी चिडून पुन्हा म्हटले.

"कु... ठं?"

"कुठं टाकलात, विचारतायत," बाई म्हणाल्या.

"ओढ्यावर. माळाच्या टोकाला."

"आण."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनाही कळेना. शांतवननी डावा हात उचलून मूठ मिटली आणि उघडली. मूठभर आण म्हणत होते.

मी पळतच गेलो. मे महिन्यानंतर त्या बाजूला मी फिरकलो नव्हतो. ढिगावर कमरेएवढं हिरवं माजलं होतं. राजगिरा, माठ, कुणाच्या उष्ट्यातून पडलेल्या बियांतून उगवलेला भोपळ्याचा वेलसुद्धा. सगळ्या उजाड माळात तेवढाच तुकडा हिरवा. मी गुडघ्यावर बसून हात आत घातला. ऊब नव्हती आता, गार लागलं. बाहेर आलं ते काळं, मऊ, ओलसर. त्यात एखादी ढलपी दिसायची, आकार अजून लाकडाचा, पण चिमटीत धरली की मोडून माती व्हायची. बोटाएवढं गांडूळ माझ्या तळव्यावर वळवळलं. मी रुमालात दोन ओंजळी भरून घेतलं.

शांतवनच्या डाव्या हातावर मी ते ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं चोळलं, एक ढलपी शोधून काढली आणि मोडून बघितली. मग हात नाकाशी नेला. डोळे मिटून ते बराच वेळ नुसता वास घेत राहिले. मिशीला माती लागली. बाईंनी पुसायला पदर पुढे केला, तो त्यांनी कोपरानं ढकलला.

"झालं," ते म्हणाले. हा शब्द मला नीट कळला. मग माझ्याकडे बघून, "सगळं."

"सगळं आणा म्हणतायत," बाई म्हणाल्या. माझी बाजू घ्यायची त्यांची मुळीच इच्छा दिसली नाही.

ट्रॅक्टर बोलवायचं माझ्या मनात आलं होतं. पण ट्रॅक्टरमागून चालताना मला कुणी काही विचारलं नसतं. मी सायकल काढली. मागच्या कॅरियरवर एक पोतं, मधल्या दांडीवर एक. शाळा सुटली की ओढ्यावर जायचं, भरायचं आणि अख्ख्या वसाहतीतून सायकल ढकलत आणायची. दिवसाला चार खेपा. लोक दारात उभे असायचे.

"काय सर, हे काय नवीन?"

"साळव्यांचं खत. मी ओढ्यावर नेऊन टाकलं होतं."

"तुम्ही? का हो?"

मग तेही सांगावं लागायचं. पहिल्या दोन दिवसांत मी दहा-अकरा घरांना सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून विचारायला कुणी उरलं नाही. नुसते बघायचे. शांतवनची खाट बाईंनी खिडकीशी तिरकी करून दिली होती. प्रत्येक पोतं उपडं केलं की आतून हात हलायचा, इथं नको, तिकडं. वाफ्याच्या कुठल्या कोपऱ्यात किती, ते तेच सांगत होते.

पुढे त्या मुरमावर वांगी आली, घोसाळी आली, दुसऱ्या वर्षी पपई. शांतवन आणखी दोन हिवाळे जगले. बाईंनी नवा ढीग घातला. त्याला लागणारा भुसा युसूफभाईनं पुन्हा स्वतःच्या टेम्पोनं पाठवला. पण हे सगळं नंतरचं. त्या महिन्यात बाई माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हत्या. मी पोतं टाकायचो, त्या फावड्यानं पसरायच्या. माझ्याकडे एकदाही बघायच्या नाहीत, आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

आठव्या की नवव्या दिवशी दुपारीच पावसाची सर येऊन गेली होती. ओढ्यापासून वर यायची वाट निसरडी झालेली, पोती ओली आणि दुप्पट जड. चढाच्या मध्यावर सायकल थांबली ती हलेना. पाय चिखलात घसरत होते. मी हँडल छातीशी दाबून धरून नुसता उभा राहिलो. पोती उतरवून एकेक न्यावीत, या विचारात होतो.

एकाएकी सायकल पुढे सरकली. मला वाटलं, चाकाखालचा दगड निघाला. मग मागून दम लागल्याचा आवाज ऐकू आला. मी मान वळवली. सुवार्ताबाई पदर खोचून, दोन्ही हात मागच्या पोत्याला लावून, वाकून ढकलत होत्या. ओढ्यापर्यंत त्या कधी आल्या, मला कळलंसुद्धा नव्हतं.

"मागं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "अजून चढ आहे. ढकला."